साठ व्होल्टांवरचं विरजण

ही गोष्ट खरी आहे.

आता तुम्ही म्हणाल, सगळेच असं म्हणतात. म्हणोत बापडे. मला कुणाला पटवून द्यायचं नाही. ज्यांना हसायचंय त्यांनी इथंच हसून घ्यावं, पुढं हसायला जागा नाही.

आणि हो, अमावस्या, पिंपळ, पैंजण असलं यात काही सापडणार नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. गुलबर्ग्यात, दोन हजार नऊ साली, एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत.

जिच्यासोबत झालं ती माझी सख्खी मावशी. अन्नपूर्णा. तिचं माहेर म्हणजे माझं आजोळ, औराद. गुलबर्ग्याच्या शाळेत तिनं जन्मभर गणित शिकवलं. देवधर्म बेताचा. कुणी अंगात आल्याचं सांगितलं तर म्हणायची, "आधी ताप बघा त्याचा." अशी बाई. तिचे यजमान अच्युतराव, म्हणजे आमचे काका, कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्रोफेसर. मुलगी विनीता पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत. आणि मुलगा श्रीवत्स, वडिलांच्याच प्रयोगशाळेत पीएचडी करणारा.

श्रीवत्स काय करायचा ते सांगणं भाग आहे. घाबरू नका, सोपं आहे. त्यानं मावशीला स्वयंपाकघरात ओट्यावर बसून सांगितलं होतं, तसंच सांगतो.

टायटॅनियम नावाच्या धातूचा पातळ पत्रा घ्यायचा. एका दाट, तेलकट द्रावणात बुडवायचा. त्या द्रावणात थोडं पाणी आणि थोडं फ्लोराइडचं मीठ. समोर प्लॅटिनमची पट्टी. मग वीज सोडायची. वीज पत्र्यावर गंजासारखा एक थर चढवते, आणि फ्लोराइड तो थर खायला लागतं. एक चढवतंय, दुसरं खातंय. त्या ओढाताणीत पत्र्यावर नळ्या उगवतात. एकीला एक चिकटून उभ्या, लाखोंनी. केसाच्या हजाराव्या भागाएवढ्याही जाड नाहीत.

"व्होल्टेज वाढवलं की नळी रुंद व्हती," श्रीवत्स म्हणाला होता. "जास्त वेळ ठेवलं की लांब व्हती. पाणी जास्त पडलं की आखूड राहती. सगळं परिस्थितीवर असतं बघ, आई."

"आणि करायचं काय त्या नळ्यांचं?"

"हाडात बसवायचे खिळे असतात ना, त्याच्यावर ह्या उगवल्या तर हाड लवकर धरतंय."

"मग कर बाबा. म्हातारपणी मलाच लागतील," मावशी म्हणाली होती.

त्या मार्चमध्ये श्रीवत्सच्या मित्राचं लग्न होतं, हळ्ळीखेडला. सकाळी त्यानं प्रयोग लावला. साठ व्होल्ट. निघताना वडिलांना म्हणाला, "बाबा, मी येईपर्यंत बंद करू नका."

मोटरसायकल हुमनाबादच्या अलीकडं ट्रकखाली गेली.

दुपारी फोन आला. काका तसेच धावले. प्रयोग चालूच राहिला.

दिवसवार झाले. पाहुणे गेले. विनीता पुण्याला परतली. काका कॉलेजात जायला लागले, आणि मावशीला बरं वाटलं. माणूस कामाला लागला, आता सावरेल, असं तिला वाटलं.

पण काका दुपारी जेवायला येईनात. डबा दिला तर भरलेला परत. घरी बोलणं नाही. रेडिओवर बातम्या लागल्या की पटकन बंद करायचे आणि मान तिरकी करून कानोसा घेत बसायचे. कशाचा, ते सांगायचे नाहीत.

मावशीचा जीव खालीवर व्हायला लागला. पोरगा गेला. आता हा माणूस तरी हातचा जाऊ नये, एवढंच तिचं मागणं उरलं होतं. ही सगळी गोष्ट त्या एका मागण्याची आहे.

एप्रिलमध्ये मडिवाळप्पा घरी आला. प्रयोगशाळेचा शिपाई. जुना, विश्वासाचा माणूस. दारातच उभा राहिला.

"अक्का, एकदा येऊन जावा."

"काय झालं मडिवाळप्पा?"

"सर आत एकटेच बोलायलेत." त्यानं खाली बघितलं. "आन मधी गप्प बसायलेत. कुणाचं तरी ऐकायला बसल्यागत."

मावशी तशीच निघाली.

गुलबर्ग्याचं एप्रिलचं ऊन तुम्हाला माहीत असेल तर माहीत असेल. डोळे उघडवत नाहीत. कॉलेजला सुट्टी. वरच्या मजल्याचं टोक. बाहेर कडुलिंब, त्यावर कावळ्यांची नेहमीची वस्ती. लोडशेडिंग होतं, पंखा बंद. यंत्र मात्र बॅटरीवर चालू होतं.

काका टेबलासमोर बसले होते. बर्फाच्या घमेल्यात प्लॅस्टिकचं बीकर. त्यातलं फ्लोराइड काचेलाही खातं, म्हणून प्लॅस्टिकचं. मीटरवर लाल आकडे.

"अहो, काय करायलात हे? जेवण न्हाई, खाणं न्हाई..."

काकांनी हात वर केला.

"बस. बोलू नको."

मावशी बसली. ओरडायचं म्हणून आली होती, पण त्यांचा चेहरा बघून बसली. त्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. मार्चनंतर पहिल्यांदा तिथं दुःख नव्हतं.

बाहेरचे कावळे गप्प झाले.

सगळे. एकदम.

आणि मग...

टक्...

टक्.

बीकरला कुणीतरी बाहेरून हलकेच वाजवलं होतं. दोनदा. द्रावणावर बारीक लाट उठली. प्लॅटिनमच्या पट्टीला चिकटलेले बुडबुडे सुटून वर आले.

टेबलापाशी कुणी नव्हतं. काकांचे हात मांडीवर होते. स्टीलचा चिमटा ताटलीत पडून होता.

मावशीनं ते वाजवणं ओळखलं. डबा द्यायला ती इथं कितीदा तरी आली होती. बुडबुडे साचले की श्रीवत्स चिमट्यानं बीकर वाजवायचा. पहिला जरा जोरात, मग थोडं थांबून दुसरा हळू. त्या दोघांमधलं अंतर तिला पाठ होतं. आईला पोराच्या पायऱ्या चढण्याचा आवाज पाठ असतो, तितकं.

तरी ती गणिताची बाई. उठली. टेबलाखाली वाकून बघितलं. खिडक्या तपासल्या. घमेलं हलवलं, बर्फ वितळून सरकला असेल म्हणून. मग म्हणाली, "बंद करा."

काकांनी बटण बंद केलं. काही नाही. कितीतरी वेळ काही नाही.

"चालू करा."

टक्... टक्.

"मी सगळं बघितलंय," काका म्हणाले. "पन्नासला न्हाई. सत्तरला न्हाई. साठलाच. पाणी दोन टक्के. द्रावण तापलं की जातो. नव्या द्रावणात तर येतच न्हाई. हे त्यानं बनवलेलं आहे. त्या दिवशी त्यानं लावलेलं, तेच."

"अहो, असं कसं व्हईल?"

"मला काय माहीत? मी नुसता आकडे धरून बसतो." काकांचा आवाज फुटला. "तो येईपर्यंत बंद करू नका म्हणाला होता, अन्नपूर्णा."

मावशी त्यांना घरी न्यायला आली होती. तिनं स्टूल पुढं ओढलं आणि तिथंच बसली.

मे महिना सगळा तसाच गेला. दोघं नवरा-बायको दुपारी प्रयोगशाळेत. मडिवाळप्पा सोडावाल्याकडून पोत्यात गुंडाळून बर्फ आणायचा, घमेलं भरायचा आणि बाहेर जाऊन बसायचा. आत यायचा नाही.

मावशी बोलायची. आधी लाजत, मग मोकळी.

"लग्नाला जायलास तर हेल्मेट कामून घातलं न्हाईस रे गाढवा? दाराला लटकवून गेलास. मी रोज बघते त्याच्याकडं."

टक्... टक्.

मग ती पदर तोंडाला लावून रडायची, आणि रडून झाल्यावर हलकी होऊन घरी जायची. तिनं मला साफ सांगितलं, "तुला खोटं वाटंल, पण ते दिवस सुखाचे होते."

विनीताचा फोन यायचा. "आई, बाबांना घेऊन पुण्याला या ना. तिथं कामून बसलाव दोघंच?"

"बघू," मावशी म्हणायची.

पण द्रावण संपत आलं. ते काही जन्माला पुरणारं नाही. फ्लोराइड खर्च होतं, हवेतलं पाणी आत शिरतं. टकटक अस्पष्ट व्हायला लागली. कान टेबलाला लावावा लागायचा.

काकांनी हुबेहूब तेच द्रावण पुन्हा एकदा नव्यानं बनवलं. तीच मापं, तेच पाणी, तीच थंडी.

काही नाही.

परत बनवलं.

नुसते बुडबुडे.

त्या दिवशी काका भिंतीकडं तोंड करून लहान पोरासारखे रडले. एवढा मोठा प्रोफेसर. मावशीला ते बघवेना.

संध्याकाळी घरी ती दूध कोमट करून विरजण लावत होती. वाटीच्या तळाला कालचं दही होतं, चमचाभर. हातातला चमचा दुधावर थांबला.

सकाळी ती म्हणाली, "अहो, त्याच्या हातचं थोडंसं उरलंय ना? ते संपवू नका. नव्यात चमचाभर घाला त्यातलं."

"ते दही न्हाई, अन्नपूर्णा."

"न्हाई ना? मग घालून बघायला काय हरकत आहे?"

काकांनी बीकर जवळ ओढलं. कारण खोटं म्हणता येत नव्हतं. कोऱ्या द्रावणात नळ्या खडबडीत येतात, वापरलेल्या द्रावणात नीट येतात, हे त्यांनी स्वतः पोरांना शिकवलं होतं. कारण वेगळं होतं. पण त्या घडीला कारण कोण विचारतो?

चमचाभर जुनं, बाकी नवं.

साठ व्होल्ट...

कडुलिंबावरचे कावळे गप्प झाले.

टक्... टक्.

स्वच्छ. जवळून. पहिल्या दिवसासारखं.

काकांनी मावशीचा हात धरला. तीस वर्षांच्या संसारात घराबाहेर कधी धरला नव्हता. "तू केलंस," म्हणाले. हे शब्द मावशीच्या काळजात अजून रुतलेले आहेत.

त्याच सुमारास काकांनी नळ्या उगवलेले काही पत्रे हैदराबादला पाठवले. तिथं मोठी सूक्ष्मदर्शक यंत्रं आहेत, नळ्यांचे फोटो काढून देतात. फोटो आले. काकांनी ते टेबलावर पसरले आणि बोट ठेवलं.

नळ्या गुळगुळीत असायला हव्या होत्या. तशा त्या नव्हत्या. ज्वारीच्या धांड्याला असतात तशी त्यांना पेरं होती. जोडीजोडीनं. दोन पेरं जवळ, मग लांबच लांब सपाट नळी, मग पुन्हा दोन.

"वाढताना मधेच व्होल्टेज पडलं की असं पेर पडतंय," काका म्हणाले. "इथं कुणीही बटणाला हात लावला न्हाई. हे त्याचं वाजवणं आहे. बघ, लिहिल्यागत आहे."

मावशीनं फोटोवरून बोट फिरवलं. म्हणजे भास नव्हता. दोघांना एकदम वेड लागलं नव्हतं. पोरगा येत होता.

तिनं त्या दिवशी पुरण घातलं.

पण विरजणाचं एक असतं बघा. दह्यावरून दही, दह्यावरून दही लावत गेलं, आणि भांडं बदललं नाही, तर ते हळूहळू आंबट होत जातं. रोज खाणाऱ्याला कळत नाही. बाहेरचा माणूस पहिल्या घासाला तोंड वाकडं करतो.

पावसाळा लागला. जुन्यातलं नव्यात, त्यातलं पुन्हा नव्यात, असं किती वेळा झालं याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

एका दुपारी दोनऐवजी तीनदा वाजलं.

टक्. टक्. टक्.

"घाईत दिसतोय," मावशी हसून म्हणाली. काका हसले नाहीत.

मग चारदा. मग थांबेचना. मधलं अंतर गेलं. कधी जोरात, कधी नख ओढल्यासारखं. आधी आवाज बाहेरून यायचा. आता बीकरच्या बुडातून यायला लागला...

आतून.

बाहेर पडण्यासाठी ठोकावं तसा.

मडिवाळप्पानं बर्फाचं पोतं दारातच ठेवायला सुरुवात केली. "अक्का, मी आत येणार न्हाई. दार ढकलायला गेलो तर आतनं कुणी तरी धरायलंय."

"सर असतील."

"सर खुर्चीत बसलेले दिसतात की हो खिडकीतनं!"

कडुलिंबावरचे कावळे आता गप्प होत नव्हते, कारण तिथं कावळेच उरले नव्हते. काकांच्या चहाचा कप दिवसभर टेबलावर सांडलेला राहायचा. साखरेचा चहा, पावसाळ्याचे दिवस. एक मुंगी यायची नाही.

आणि काका वाळत चालले. मावशी भरवायची तेवढं खायचे, तरी सदरे खांद्यावरून उतरायला लागले. खोकला. नजर कुठंतरी लांब. बीकरमधला पत्रा उचलला की हातात चुरा व्हायचा, पार खाल्लेला.

श्रावणात हैदराबादहून दुसरे फोटो आले. काकांनी ते दाखवले नाहीत. मावशीनं पिशवीतून काढून घेतले.

पेरंच पेरं. एकावर एक. आडवी, तिरकी, मोडलेली. सपाट जागा कुठंच नाही. तिनं चष्मा पुसला आणि ती जोडी शोधायला लागली. पहिलं ठळक, थोडं अंतर, दुसरं हलकं. एका फोटोत शोधलं. दुसऱ्यात शोधलं. सगळे बघितले.

श्रीवत्सची जोडी कुठंही नव्हती.

"अहो," ती म्हणाली, आणि तिला आपलाच आवाज परका वाटला. "हे सगळे कोण आहेत?"

"माहीत न्हाई."

"आणि आपला?"

काकांनी फोटो गोळा करून पिशवीत भरले.

"गर्दीत असंल कुठं तरी," मग म्हणाले.

"बंद करा हे. माझं ऐका. तो गेला. कधीच गेला. हे दुसरंच काही तरी आलंय, आणि मी आणलंय. तुम्हाला खायलंय ते."

"बंद केलं तर त्याला वाट कशी सापडंल?"

"श्रीवत्सच सांगत होता ना, जास्त वेळ ठेवलं की नळी लांब व्हती? मग इतक्या दिवसांत तो जवळ कामून आला न्हाई?"

काकांनी तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत काही म्हणता काही आशा नव्हती. त्याचंच तिला फार वाईट वाटलं. त्यांना सगळं कळत होतं.

"एका हद्दीनंतर लांबी वाढत न्हाई, अन्नपूर्णा. खालून जेवढी उगवती तेवढीच वरून विरघळती. चालू ठेवलं तरी तिथल्या तिथंच. नुसता पत्रा संपत जातो." मग हळूच म्हणाले, "पण मी बंद करणार न्हाई. बाप आहे मी."

भाद्रपदात काकांना ताप भरला. अंथरुणातून उठवेना. तरी प्रयोगशाळेची किल्ली मुठीत. ग्लानी आली तेव्हा मावशीनं मूठ उघडून किल्ली काढली आणि शेजारणीला बसवून निघाली.

तिचं ठरलं होतं. पोरगा राहिला नाही. हा माणूस राहायला हवा.

मडिवाळप्पानं मोठ्या बादलीत चुन्याचं पाणी कालवून ठेवलं होतं. फ्लोराइड मोरीत ओतत नाहीत. चुन्यात ओतलं की ते मरतं, गाळ होऊन खाली बसतं. हे त्याला काकांनीच शिकवलेलं. त्या दिवशी मडिवाळप्पा आत आला. मावशीसाठी आला. त्यानं यंत्र बंद केलं, बॅटरी सोडवली, दोन्ही वायरी काढून हातात घेतल्या.

बाहेर ऊन पडलं होतं. दुपारचा बारा-साडेबाराचा सुमार. खोलीत काही म्हणता काही आवाज नाही.

मावशीनं हातमोजे चढवले. नव्या बाटल्या आधी ओतल्या. चुन्याचं पाणी ढवळलं गेलं, बस्स. मग बीकर उचललं. हेच ते, ज्यातलं थोडं थोडं पुढं जात आलं होतं. श्रीवत्सच्या हातचं जे काही कणभर उरलं असेल, ते यात होतं.

ओतायला लागली.

अर्धं गेलं.

आणि...

टक्...

टक्.

तिच्या हातातल्या बीकरमध्ये. बोटांना जाणवलं.

वीज नव्हती. वायरी मडिवाळप्पाच्या हातात होत्या. पहिला जरा जोरात. मग थोडं थांबून... दुसरा हळू.

दोनच. गर्दी नाही, ओरबाडणं नाही. इतके महिने ज्याला शोधलं तो.

मावशीचा हात तिथंच थांबला. "श्रीवत्स?" ती म्हणाली.

पुन्हा वाजलं नाही.

"अय्यो, अक्का, थांबू नगा!" मडिवाळप्पा ओरडला. "ओता. ते शिकलंय तुमच्या लेकराचं वाजवणं. ओता तुम्ही!"

शिकलं असेल का? की खरंच तोच, गर्दी हटल्यावर वाट सापडलेला? मावशी सांगते, त्या क्षणी तिला घरी तापानं फणफणलेला नवरा दिसत होता आणि हातात पोरगा होता. कुणी असा तराजू कुणाच्या हातात देऊ नये.

तिनं ओतलं.

शेवटच्या थेंबापर्यंत ओतलं. पाणी पांढरं झालं, गढूळ झालं, मग हळूहळू सगळं खाली बसलं. ती बादलीपाशी बसून राहिली. मडिवाळप्पानं शेवटी धरून उठवलं.

घरी आली तर काका जागे होते. मुठीकडं बघत होते. मूठ रिकामी.

रागावले नाहीत. तेवढंच विचारलं, "ओतलंस?"

"व्हय."

"ओतताना वाजलं का काही?"

मावशी जन्मात नवऱ्याशी खोटं बोलली नव्हती.

"न्हाई. काहीच वाजलं न्हाई."

काकांनी डोळे मिटले. चेहरा सैल पडला.

"मग तो तिथं नव्हताच," म्हणाले. "बरं केलंस. मी उगीच कोंडून ठेवलंय त्याला, असं वाटायचं."

ताप उतरला. माणूस घरी होता, मावशीला हवा होता तसा. जेवायला वेळेवर बसायचे. रेडिओ ऐकायचे. मावशी देवाला तूप-वात लावायला लागली. पण काकांचं आतून काही भरून आलंच नाही. दिवाळीच्या आधी एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले हृदय. असेल.

म्हणजे बघा, ज्याच्यासाठी ओतलं तोही राहिला नाही.

विनीता न्यायला आली, मावशी गेली नाही. प्रयोगशाळेच्या त्या खोलीत आता कॉम्प्युटर आहेत. मडिवाळप्पा निवृत्त होऊन निंबर्ग्याला शेती बघतो. मी त्याला भेटलो. विषय काढला तर उठून गोठ्यात गेला, परत बाहेर आला नाही.

मावशीनं हे सगळं मला दोन हजार बारा साली सांगितलं. दुपारच होती. सांगून झाल्यावर मी भाच्यानं म्हणावं ते म्हणालो. मावशी, मनाला लावून घेऊ नको, तू योग्य तेच केलंस, ते दुसरंच काही तरी होतं.

ती माझ्याकडं बघत राहिली.

"दुसरं असंल तर प्रश्नच न्हाई रे," म्हणाली. "पण तो असंल तर? मी रोज तेवढाच विचार करते. त्यानं मला 'आई, थांब' म्हणून वाजवलं... का 'आई, ओत' म्हणून?"

मी पिशवी जवळ ओढली.

"तू शिकलेला आहेस," ती म्हणाली. "सांग ना."

मी बसची वेळ झाली म्हणून उठलो. बसला अजून पुष्कळ वेळ होता, आणि हे तिलाही माहीत होतं. तिनं अडवलं नाही.